मोहाच्या झाडावरची तार

आमच्या घरातला टेलिफोन माझ्या मुलीच्या काहीच कामाचा नव्हता. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. फोन मात्र तिच्याही आधीपासून घरात होता, कोपऱ्यातल्या स्टुलावर, माझ्याच भरतकामाच्या रुमालाखाली, पांढऱ्याचा पिवळा झालेला. तो वाजला की घरातले सगळे त्याच्याकडे बघायचे, आणि आम्ही बघतो म्हणून मग तीही बघायची. लहानपणी तिला वाटायचं, ही एखादी देवाची वस्तू असावी आणि हिच्याकडे अधूनमधून सगळ्यांनी मिळून बघायचं असतं.

ब्रह्मपुरीकडून वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरलं की थोड्या वेळानं रस्त्याच्या कडेला आमचं गाव लागतं. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला जंगल. मी गावच्याच शाळेत शिकवायची, नवरा शेती बघायचा आणि घरावर राज्य सासूबाईंचं होतं.

सासूबाई आणि नात यांची एक भाषा होती. ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. सासूबाई शेतावर, तळ्यावर, जंगलाच्या कडेला जातील तिथे नातीला न्यायच्या आणि दोघी जाता जाता खुणा तयार करायच्या. वाकून दोन बोटांनी काहीतरी उचलायचं आणि कमरेवरच्या टोपल्यात टाकायचं, म्हणजे मोहफूल. छातीवर दोन्ही पंजे चोळले की अस्वल. वाघाला वेगळी खूण नव्हती. झाडांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं की कळायचं. बाप म्हणजे मिशीला पीळ, जरी त्याला मिशी फक्त लग्नाच्या फोटोत होती. आजी म्हणजे उजव्या हाताचं बोट डाव्या हातावर टोचत न्यायचं, मनगटापासून कोपरापर्यंत, कारण सासूबाईंच्या हातावर तिथपर्यंत गोंदण होतं. आणि मी म्हणजे हवेत खडूची एक रेघ आणि लगेच कपाळाला आठी. ती आठी काढून टाका असं मी दोघींना कितीदा सांगितलं. त्यांनी हसून ती आणखी खोल केली.

मुलीला आधी माझ्याच शाळेत बसवून पाहिलं. मी फळ्याकडे तोंड करून शिकवणार आणि ती माझ्या पाठीकडे बघत बसणार, हे किती दिवस चालणार? शेवटी तिला नागपूरला, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घातलं. तिथे तिला खुणांची नीट भाषा मिळाली, लिहिणं-वाचणं मिळालं, तिच्यासारख्या मैत्रिणी मिळाल्या. वाईट काहीच नव्हतं. पण ती घरी यायची दिवाळीला नाहीतर उन्हाळ्यात, आणि मधल्या महिन्यांत आमच्या वाट्याला तो पिवळा फोन यायचा. मी वसतिगृहाच्या बाईंना फोन करायची. त्या म्हणायच्या, "मजेत आहे."

मी विचारायची, मजेत म्हणजे?

"म्हणजे मजेतच आहे हो."

मग त्या रिसिव्हर तिच्या तोंडाशी धरायच्या आणि ती एक आवाज काढायची. आनंद असो की ताप, तो आवाज सारखाच यायचा. सासूबाई तर फोन कानाला लावायच्याच नाहीत. "ते पोरगी बोटानं बोलते, मी कानानं काय आयकू?" म्हणायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या.

मग एका आठवडी बाजारात टेलिफोनवाल्यांनी कापडाचं छत टाकून टेबल मांडलं. घरच्या फोनच्या तारेवरूनच इंटरनेट, खेड्यासाठी स्वस्त योजना, महिनाभर कितीही वापरा. लोक पत्रकं घेत होते आणि त्यात भजी बांधून नेत होते. मी टेबलामागच्या माणसाला एकच विचारलं, यात समोरचा माणूस हलताना दिसतो का.

"दिसते ना मॅडम, पूर्ण पिक्चर दिसते," तो म्हणाला. मी तिथल्या तिथे सही केली.

नवऱ्यानं ब्रह्मपुरीहून जुना कॉम्प्युटर आणि वर चिकटवायचा कॅमेरा आणला. आमच्या भागाचा लाइनमन येऊन एक पांढरी डबी जोडून गेला, तिला हिरवे दिवे होते. नागपूरच्या शाळेच्या ऑफिसातही कॉम्प्युटर होता, आणि तिथल्या लोकांनी शनिवारची संध्याकाळ आम्हाला दिली. पहिल्या शनिवारी पडद्यावर आधी एक करडा चौकोन आला आणि मग त्यात तुकड्यातुकड्यानं माझी मुलगी आली. तिनं हात वर केले. ज्या तारेतून इतकी वर्षं तिचा एक शब्द आला नव्हता, तिच्यातून तिचे दोन हात आले. मी रडले, लपवत नाही. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली, मला कोपरानं बाजूला सारलं आणि गप्पा सुरू केल्या.

मग दर शनिवारी तेच. शेळी व्याली, अमकीनं तमकीशी भांडण काढलं, तळ्यात मासे सोडले, सगळं सासूबाईंच्या हातांनी सांगून व्हायचं. मी मागे उभी. माझा नंबर येईपर्यंत अर्धा वेळ संपलेला असायचा आणि मी विचारायची, अभ्यास केला का. ती पडद्यावरून आजीकडे बघून हवेत रेघ ओढायची आणि कपाळाला आठी घालायची. तरी मी पुढच्या शनिवारची वाट बघायची.

इथवर ऐकून वाटेल की आमचं फार छान चाललं होतं. चालेल तेव्हा छानच चालायचं. पण मला आठवतात ते न चाललेले शनिवार. बोलता बोलता पोरीचे हात चौकोनाचौकोनांचे व्हायचे. ऐकू येणाऱ्यांचं बरं असतं, चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो. आमचं चित्र अडकलं म्हणजे तिचं तोंडच कुणीतरी दाबलं. डबीचा एक दिवा हिरव्याचा लाल व्हायचा. लाइनमनला विचारलं तर पावसाळ्यात म्हणायचा, "केबलमंधी पानी घुसलं." हिवाळ्यात म्हणायचा, "एक्स्चेंजची बॅटरी बसली." उन्हाळ्यात म्हणायचा, "लोड हाय, बाई." वर्षाला तीनच ऋतू आहेत म्हणून त्याच्याकडे कारणंही तीनच होती.

त्या तारेचीही गोष्ट सांगायला हवी. रस्ता रुंद करताना मशिननं आमच्या बाजूचा टेलिफोनचा खांब पाडला. नवा खांब मंजूर झालाय म्हणे. तोवर तात्पुरतं म्हणून लाइनमननं ती काळी केबल रस्त्याकडेच्या आमच्याच बांधीतल्या मोहाच्या झाडावरून नेली. जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सुतळीनं फांदीला बांधला. उरलेल्या केबलचं भेंडोळं खोडाला अडकवलं, ते माकडांनी लोंबकळून लोंबकळून पार मुळाशी आणलं. तात्पुरतं म्हणून केलेलं ते वर्षानुवर्षं टिकलं. गावात अशा तारा जागोजाग होत्या. रेंज धड नव्हती तरी मोबाइल आले आणि लोकांनी घरचे फोन बंद केले, पण तारा कुणी काढल्या नाहीत. कुणी त्यावर धुणं वाळत घालायचं, कुणी त्यानं कुंपण आवळायचं, कुणी भोपळ्याचा वेल चढवायचा. जिवंत तार आमची एकट्याची उरली होती आणि दिसायला ती मेलेल्या तारांसारखीच होती.

होळीच्या पुढेमागे मोह गळायला लागतो. फुलं पहाटे पडतात आणि उजाडायच्या आत वेचायला जावं लागतं. झाडाखाली वाळलेल्या पानांचा खच असतो, त्यात फूल सापडत नाही, म्हणून आदल्या दुपारी खालची पानं पेटवून जमीन साफ करून ठेवायची, ही आमच्याकडची रीत. जंगलात आग लावू नका म्हणून सांगत वनखात्याची भोंग्याची गाडी फिरायची. सासूबाई ते पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जंगल तुमचं, झाड माहं." पानं पेटवून त्या डहाळी घेऊन कडेला उभ्या राहायच्या आणि आग बांधाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. कामात त्या फार चोख होत्या.

त्या वर्षी मोह गळायला लागायच्या बेतात होता तेव्हाचा शनिवार. सासूबाई शेतावरून धावतपळत आल्या, हातपाय धुतले आणि खुर्चीत बसल्या. लुगड्याला धुराचा वास होता, डोळे चुरचुरत होते. पोरगी पडद्यावर आली. सासूबाईंनी तिला मोहाची खूण केली, बोटांनी फूल वेचून कमरेशी टाकलं. उद्यापासून वेचायला जाणार, तुझ्यासाठी वाळवून ठेवणार. पोरगी हसली. ती हसतानाच चित्र थांबलं. आम्ही वाट बघितली. मग डबीवरचा दिवा लाल झाला, आणि मी उठून पिवळा फोन कानाला लावला तर तोही मेलेला.

"झालं याचं सुरू," मी म्हणाले.

"येईल थोड्या वेळानं," नवरा म्हणाला. त्याचा सगळ्यावर हाच इलाज असतो.

आता तक्रारीची गंमत ऐका. तक्रार नोंदवायचा जो नंबर होता, तो बंद पडलेल्या फोनवरूनच फिरवायचा होता. फोन चालू असेल तर तक्रार कशाची करायची, हे मी पुढे अनेकांना विचारलं. कुणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही. दुसरा एक नंबर होता, तो मोबाइलवरून लागायचा. आमच्याकडे मोबाइलला रेंज मिळायची फक्त तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तीसुद्धा जांभळाच्या झाडाशी उभं राहून, तोंड आरमोरीकडे करून. मी शाळा सुटली की पाळीवर जायची. मराठीसाठी एक दाबा. मी एक दाबायची. पलीकडून एक बाई हिंदीत स्वागत करायची. खाली म्हशी डुंबत असायच्या आणि वर मी ओरडून आमचा नंबर एकेक आकड्यानं सांगत असायची. गावातल्या लेकरांना तो नंबर पाठ झाला.

मग एक दिवस मोबाइलवर निरोप आला, की आपल्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे. मी चपला घालायच्या विसरून घरी आले. दिवा लालच होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

पुढचा शनिवार असाच गेला, त्याच्या पुढचाही. सासूबाई शनिवारी वेळेवर हातपाय धुऊन खुर्चीत बसायच्या, काळ्या पडद्याकडे थोडा वेळ बघायच्या आणि उठून जायच्या. "तो लाइनमन मरून गेला का काय?" एवढंच विचारायच्या. पहाटे मोह वेचायला मात्र रोज जात होत्या.

अशात एकदा नवऱ्याच्या मोबाइलवर वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. आम्ही दोघं तेव्हा पाळीवरच होतो. त्या म्हणाल्या, मुलगी नीट जेवत नाही, वर्गात लक्ष नाही, मैत्रिणींत जात नाही. "आणि हाताला काहीतरी झालंय तिच्या. सारखी बोट टोचत असते हातावर. खाज असेल म्हणून मलम लावलं, डॉक्टरांनाही दाखवलं. ते म्हणाले, कातडी तर साफ आहे."

"कुठे टोचते?" मी विचारलं.

"हातावरच. मनगटापासून वर कोपरापर्यंत."

माझी पोरगी आजी आजी करत होती आणि ते लोक तिला मलम लावत होते. त्यांच्या खुणांच्या भाषेत आजीला दुसरी खूण होती, त्यांची काही चूक नव्हती. पण त्या वेळी मला कुणाची चूक आहे नि कुणाची नाही याच्याशी घेणं नव्हतं. मी ओरडून सांगितलं, तिला म्हणावं आजी बरी आहे, घरचा फोन बंद आहे म्हणून दिसत नाही. बाईंनी ते तिला सांगितलं, लिहूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवलं की तिनं मान हलवली आणि ताट तसंच ठेवलं.

माझ्या शाळेत परीक्षा सुरू होत्या, म्हणून नवरा नागपूरला गेला. जाताना त्यानं आईचा मोबाइलवर फोटो काढून नेला. मलाही ती युक्ती पटली होती. तो परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "मले पाहून खूश झाली," तो म्हणाला. "मंग माह्या मागं पाहू लागली, का आखीन कोण आलं म्हून. मी फोटो देल्ला हातात. तिनं पायला आन् पालथा करून ठेवला. लय रडली."

"काऊन रडली पण?" मी माझी पुस्तकी भाषा विसरून विचारलं.

"मले काय माहीत? मले चार खुणा येतेत तिच्या."

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बस म्हटली की त्यांच्या पोटात ढवळतं, ब्रह्मपुरीच्या पुढे त्या आयुष्यात गेल्या नव्हत्या. त्यांनी आत जाऊन पिशवी काढली, त्यात एक लुगडं घातलं आणि वाळलेला मोह बांधला. "परवा सकाळच्या गाडीत बसवून दे मले," त्यांनी लेकाला सांगितलं. "मी मरत नाई उलटीनं."

दुसऱ्या दिवशी मी पर्यवेक्षणाला दुसऱ्या शिक्षकाला उभं केलं आणि टेलिफोन एक्स्चेंजवर गेले. बाजाराच्या गावात एका खोलीचं एक्स्चेंज होतं. लाइनमन बाहेर मोटारसायकलवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. वयानं मोठा माणूस, आजूबाजूची सगळी गावं त्याच्या एकट्याच्या गळ्यात. एरवी मला त्याची दया आली असती. त्या दिवशी मी त्याला नको नको ते बोलले.

"बाई, मी एकटा माणूस किती जागी जाऊन राह्यलो, तुमाले मालूम नाई," तो म्हणाला.

"मला काही मालूम करून घ्यायचं नाही. गाडी काढा."

त्यानं खर्रा खिशात ठेवला आणि गाडी काढली. मी मागे बसले. गावाच्या वेशीपासून आम्ही तारेखालून पायी चालायला लागलो, तो वर बघत आणि मी त्याच्याकडे बघत. चालता चालता मी माझं भाषण जुळवत होते. तांबं चोरणाऱ्यांनी केबल कापली असेल, नाहीतर रस्त्याच्या ठेकेदारानं तोडली असेल, नाहीतर यानंच जोड कच्चा मारला असेल. तिन्हींसाठी मी वेगवेगळी वाक्यं तयार ठेवली होती.

आम्ही आमच्या बांधीशी आलो. सासूबाई मोहाखाली बसून राहिलेली फुलं वेचत होत्या. लाइनमनला बघताच उभ्या राहिल्या आणि माझ्याही वरच्या पट्टीत सुरू झाल्या. "का गा, आत्ता आठवण आली? माही नात तिकडं उपाशी हाय, तुमच्या तारेपाई. कुठी मेला होता एवढे दिवस?"

तो झाडाच्या बुंध्याकडे बघत होता. जमीन जळून काळी झालेली. वरच्या फांदीवरून केबलचं एक टोक लोंबत होतं, वितळून थिजलेलं. दुसरं टोक बुंध्याशी होतं, नीट गोल गुंडाळून, गाठ मारून, एका खुंटाला अडकवलेलं. त्या गुंडाळीवर सासूबाईंचं टोपलं ठेवलेलं होतं.

"हे कोणं गुंडाळलं?" त्यानं विचारलं.

"मीच गुंडाळलं. पायात येत होतं, जुनी तार हाय ते," सासूबाई म्हणाल्या.

"जुनी नाई, आजी. हेच हाय."

मग तो खाली बसला आणि जळालेली तार हातात घेऊन काळ्या जमिनीवर बोटानं दाखवायला लागला, आग इकडून आली, इथी भेंडोळं होतं, इथी पकडलं. तसं ते सांगायची गरज नव्हती. सासूबाईंनी हातातली फुलं टोपल्यात ठेवली. त्या दिवशी आग विझवून त्या घरी धावल्या होत्या, शनिवार होता म्हणून. पानं विझली होती, केबलचं काळं आवरण आत आत धुमसत राहिलं होतं. त्या पडद्यासमोर बसून नातीला मोहाची खूण करत होत्या तेव्हा इकडे त्यांच्याच झाडाखाली तार वितळत होती.

माझी तिन्ही भाषणं तशीच राहिली. लाइनमनला बोलावं, तर केबल झाडाला त्यानं बांधली हे खरं, पण पेटवली नाही. सासूबाईंना काय बोलणार? त्या खुंटाकडे बघत बसल्या होत्या. खांब मंजूर करून न उभारणारे तिथे नव्हतेच; असले लोक नेमके तिथे कधी नसतात. राग तर एवढा आला होता की कुणाला तरी बोललं पाहिजे होतं. मी माकडांना शिव्या दिल्या.

लाइनमननं त्याच दिवशी, उन्हात, नवा तुकडा टाकून जोड मारला, या वेळी उंचावर. सासूबाईंनी त्याला घरून पाणी आणि भात-वरण आणून दिलं. तो झाडाखाली बसून जेवला.

तो शनिवार नव्हता. मी पाळीवर जाऊन शाळेला विनवण्या केल्या आणि त्यांनी मुलीला ऑफिसात आणून बसवलं. डबीवरचे दिवे हिरवे झाले. करडा चौकोन आला, मग ती आली. खांदे पाडून बसली होती, कशाला आणलंय ते तिला कळलं नव्हतं. समोर सासूबाई दिसल्या, तशी ती एकदम पुढे झाली आणि तिचं नाक कॅमेऱ्याला लागलं. मग मागे सरकली. हसली नाही. सासूबाईंनी हात पसरले आणि चित्र जरा अडखळलं. पोरीचे डोळे विस्फारले. तिनं बोट हातावर टोचत नेलं, कोपरापर्यंत. मग उघडा पंजा समोर धरून जोरजोरात हलवला.

ही खूण आमच्या घरातली नव्हती. पण सासूबाईंना लगेच कळली. आजी, हल.

सासूबाईंनी हात हलवले. पोरीनं पुन्हा पंजा हलवला. सासूबाईंनी मान हलवली, खांदे हलवले, उठून उभ्या राहिल्या, अस्वल केलं, मोह वेचला, पदर झटकला. त्या थांबल्या की पलीकडून पंजा यायचा. त्या नाचत होत्या म्हटलं तरी चालेल, सत्तरीच्या पुढची बाई, कॉम्प्युटरसमोर, चष्मा घसरून नाकावर आलेला. शेवटी पोरीचा विश्वास बसला आणि तिनं दोन्ही हातांत तोंड लपवलं.

सासूबाईंची नागपूरची गाडी टळली. खरं काय झालं होतं ते उन्हाळ्यात घरी आल्यावर तिनं मला सांगितलं, थोडं खुणांनी आणि थोडं लिहून. त्या शनिवारी आमच्याकडे ती हसताना अडकली होती. तिच्याकडे आजी अडकली होती, धुरानं चुरचुरणारे डोळे मिटलेली, तोंड अर्धं उघडं, हात कमरेशी गळलेला. बराच वेळ तशीच. मग पडदा काळा झाला आणि आजी पुन्हा आलीच नाही. तिच्या एका मैत्रिणीचे आजोबा गेले होते तेव्हा तिलाही सगळे म्हणाले होते, घरी सगळं ठीक आहे, आणि काही दिवसांनी बाप एकटाच भेटायला आला होता. आपण आजीचा फोटो पाठवला, तो तिनं का पालथा घातला, हे तेव्हा मला समजलं. भिंतीवर फोटो लावतात तो गेलेल्या माणसाचाच ना?

ती तार पुढे काही वर्षं टिकली. मग एक्स्चेंज बंद झालं, केबलही काढून नेली, आणि आता गावात टॉवर आहे. पोरगी नागपूरला नोकरी करते, खिशातला फोन काढून चालता चालता बोलते, अजूनही आधी आजीशी. चित्र अजूनही मधेच अडकतं आणि माझं डोकं अजूनही तेवढंच फिरतं.

पण सासूबाईंनी त्या झाडाखाली पुन्हा कधी पानं पेटवली नाहीत. दर वर्षी मोह गळायच्या आधी खराटा घेऊन त्या सगळी पानं झाडून काढतात, ओढत बांधाच्या पलीकडे नेतात. बाकी सगळा गाव पानं पेटवून मोकळा होतो, या एका झाडाखाली त्यांची कंबर मोडते. यंदा मी त्यांना ओरडलेच. म्हटलं, आई, तार कधीच गेली, आता फोन हवेतून येतो, कशासाठी जीव काढता?

त्यांनी मान वर केली नाही. खराटा बगलेत धरला, गोंदणावरून बोट कोपरापर्यंत टोचत नेलं आणि उघडा पंजा माझ्यासमोर हलवला. मग पुन्हा वाकून झाडायला लागल्या.

मी कपाळाला आठी घातली आणि घरून दुसरा खराटा आणायला गेले.